नत्र येतं कुठून, जातं कुठे: कोकणच्या भातखाचरासाठी मातीतल्या जिवाणूंचं वेळापत्रक

लावणी उरकली, पंधरा दिवसांनी युरिया फेकला, त्याच रात्री पाऊस धो धो कोसळला, खाचरं भरून वाहिली, आणि गणपतीपर्यंत भात पुन्हा पिवळट. कोकणात हे दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या मळ्यात दिसतं. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे आणखी एक फेर युरिया. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या मुलखात सगळा दोष पावसाच्या माथी मारणं सोपं आहे, आणि निम्मा दोष त्याचा आहेही. उरलेला निम्मा मातीतल्या जिवाणूंच्या कामाची वेळ न बघता खत टाकण्याचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोकणात नत्र बाहेरून आणण्यापेक्षा आहे ते राखण्याकडे लक्ष दिलं तर कमी पैशांत जास्त हाती लागतं. जिवाणू खतांची पाकिटं विकणारे आणण्याबद्दल बोलतात, राखण्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख वैशाखातल्या माती तपासणीपासून माघातल्या कुळथाच्या काढणीपर्यंत भातखाचराचं एक वर्ष धरून लिहिला आहे, आणि त्यात राखण्याला झुकतं माप आहे.

आधी कोण काय करतं ते

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू इतके घट्ट बांधलेले असतात की झाडाला ते सुटत नाहीत. कारखान्यात ते सोडवायला चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. काही जिवाणू हेच काम नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर साध्या मातीत करतात. त्यातला रायझोबियम कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून राहतो. ॲझोटोबॅक्टर मातीत मोकळा असतो. ॲझोस्पिरिलम गवतवर्गाच्या, म्हणजे भाताच्याही, मुळांच्या आसपास वावरतो. हा झाला आणणारा गट.

दुसरा गट कुजवणारा. शेण, पाला, मेलेली मुळं यांतलं सेंद्रिय नत्र तो अमोनियमच्या रूपात मोकळं करतो. युरियाचंही तसंच आहे. युरिया झाडाला युरिया म्हणून फारसा लागू पडत नाही. मातीतलं युरिएज विकर काही दिवसांत त्याचं अमोनियम करतं.

तिसरा गट त्या अमोनियमचं नायट्रेट करतो. नायट्रोसोमोनास अमोनियमचं नायट्राइट करतो, मग नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. यांना प्राणवायू लागतोच. चौथा गट बरोबर उलटा. प्राणवायू संपला की तो नायट्रेटमधला प्राणवायू वापरून श्वास घेतो, आणि नत्राचा वायू करून हवेत सोडून देतो.

आता कोकणाच्या दृष्टीने कळीची गोष्ट. अमोनियमवर धन भार असतो आणि मातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे ते मातीला चिकटून राहतं. नायट्रेटवर ऋण भार असतो, ते पाण्याबरोबर खाली आणि बाहेर निघून जातं. त्यातून आपली जांभ्याची माती. तिची चिकटवून धरण्याची ताकद देशावरच्या काळ्या मातीच्या मानाने बरीच कमी. म्हणून इथला सगळा खेळ एकाच मुद्द्यावर येतो: पीक घेईपर्यंत नत्र अमोनियमच्या रूपात ठेवायचं, तिसऱ्या गटाच्या हाती लागू द्यायचं नाही. भाताला अमोनियम छान चालतं, त्यामुळे पिकाची काही तक्रार नसते.

वैशाख: माती तपासणी, आणि चुन्याची घाई नको

नमुना शेणखत टाकण्याआधी घ्या. एका खाचरात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा करा, त्याच्या बाजूची पंधरा ते वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती खरवडा, सगळी एकत्र करा आणि चार भाग करत करत अर्धा किलो ठेवा. गायरीजवळची, म्हणजे शेणखताच्या खड्ड्याजवळची, बांधाची, आंब्याखालची माती त्यात नको. उतारावरचं वरकस आणि खालचा मळा यांचे नमुने वेगळे. ते एकत्र केले तर अहवाल दोन्हीला लागू होत नाही.

अहवालात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर कमी, २८० ते ५६० मध्यम, त्यावर भरपूर. कोकणात बऱ्याचदा सेंद्रिय कर्ब चांगला दिसतो आणि तरी पीक उपाशी असतं. त्यात गोंधळायला नको. साठा असणं वेगळं आणि भात फुटव्यावर असताना तो मोकळा होणं वेगळं. तपासणी साठ्याचा अंदाज देते, वेळेचा नाही.

सामू, म्हणजे पीएच, बहुधा पाच ते साडेसहाच्या मध्ये येतो. तो बघून चुन्याची पोती आणू नका, निदान भातासाठी तरी. खाचरात पाणी साचलं की काही आठवड्यांत आम्ल मातीचा सामू आपोआप साताच्या जवळ सरकतो. प्राणवायू संपल्यावर जिवाणू मातीतलं लोह वापरू लागतात आणि त्या क्रियेत आम्लता खर्च होते. जांभ्यात लोहाची वाण नाही, त्यामुळे आपल्याकडे हे चांगलंच घडतं. चुना लागतो तो नंतर कडधान्याला आणि वरकसातल्या भुईमुगाला. तोही शेणखत किंवा युरियाबरोबर कधीच नाही, कारण चुना लागला की अमोनियमचा अमोनिया होऊन उडतो. नाकाला झोंबतो तो तोच.

गायरी: पावसात बरंच नत्र इथूनही जातं

खताचा हिशेब करताना गायरीकडे कोणी बघत नाही. शेणापेक्षा गोमूत्रात झटकन मिळणारं नत्र जास्त असतं, आणि आपल्याकडे गोठ्याची मोरी थेट परसात सोडलेली असते. उरलेलं शेण उघड्या गायरीत पडतं. जून-जुलैत त्यावर पाऊस पडतो आणि खालून जो काळा-तपकिरी पाझर निघतो तो पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, जाऊन मिळतो. त्या पाझरात मोकळं झालेलं नत्र आणि पालाश दोन्ही असतात.

करायचं एवढंच. गोठ्यात गुरांखाली वाळलेला पातेरा किंवा भाताचा पेंढा अंथरा, तो मूत्र शोषतो. रोज सकाळी शेणासकट तो गायरीत टाका. गायरीवर चार खांब रोवून झावळ्यांचं किंवा जुन्या पत्र्याचं छप्पर घाला, आणि भोवती वीतभर मातीचा उंचवटा करा म्हणजे अंगणातलं पाणी आत शिरणार नाही. दर वीतभर थरावर ओंजळभर माती पसरली तर सुटणारं अमोनियम तिला धरून राहतं. छपराचा खर्च एकदाच आहे, आणि माझ्या मते या लेखातला सर्वात वसूल होणारा खर्च हाच.

जीवामृताबद्दल विचारणा होते म्हणून इथेच सांगतो. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, थोडा गूळ, बेसन आणि मूठभर माती. गूळ-बेसनावर जिवाणू झपाट्याने वाढतात, हे खरं. पण दहा किलो शेणातलं एकूण नत्र पन्नास ग्रॅमच्या आसपास, त्यात गोमूत्राचं मिळवलं तरी फार होत नाही. एवढ्यावर एकरभर भाताचं पोट भरत नाही. पालापाचोळा कुजायला मदत म्हणून जरूर वापरा, मात्र त्याला खत समजून बाकीचं बंद करू नका.

मिरगाचा पहिला पाऊस आणि तरवा

एप्रिल-मेच्या तापात मातीतले बरेच जिवाणू मरून जातात. पहिला पाऊस पडला की उरलेले एकदम जागे होतात आणि त्या मेलेल्यांवर, सुट्या झालेल्या सेंद्रिय पदार्थांवर ताव मारतात. दोन-चार दिवसांत मातीत भराभर नत्र मोकळं होतं. ओलावा आहे, हवा आहे, त्यामुळे तिसरा गटही कामाला लागून त्याचं नायट्रेट करतो. मग आठवड्याभरात खरा पावसाळा लागतो आणि ते सगळं ओढ्याला. फुकट मिळालेलं वर्षातलं सर्वात मोठं नत्र असं जातं.

हे पकडायचं असेल तर त्या वेळी जमिनीत वाढणारं काहीतरी हवं. जिथे वळवाची ओल मिळते किंवा पाण्याची थोडी सोय आहे तिथे मेच्या शेवटी खाचरात ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं फेकून पेरा. लावणीपर्यंत तो मांडीला लागेल एवढा जरी झाला तरी नायट्रेट त्याने शोषून ठेवलेलं असतं आणि वर हवेतलंही थोडं बांधलेलं असतं. सोय नसेल तर निदान पहिल्या पावसावर युरिया तरी टाकू नका. त्या आठवड्यात मातीत आधीच पिकाला पेलवणार नाही एवढं नत्र मोकळं असतं.

तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जागी राब भाजण्याची, म्हणजे टहाळ आणि शेण पसरून जाळण्याची, आपली जुनी रीत आहे. ती अडाणीपणाची म्हणून हिणवली जाते, पण त्यात जिवाणूंचं शास्त्र आहे. भाजण्याने तणाचं बी मरतंच, शिवाय वरच्या थरातले जिवाणू मरून त्यांच्या शरीरातलं नत्र अमोनियम होऊन मोकळं होतं. तिसरा गट उष्णतेला नाजूक, तो सावकाश परततो, त्यामुळे ते अमोनियम रोपं उगवेपर्यंत टिकतं. हॅरॉल्ड मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी राबाचा अभ्यास केला होता, तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच शास्त्रज्ञांच्या टेबलावर गेला होता.

तरीही राब भाजा असं मी सांगणार नाही. भाजलेल्या टहाळात आणि शेणात जे नत्र होतं ते धुरावाटे गेलं, आणि त्यासाठी ऐन, किंजळ ही झाडं दर वर्षी तासून काढावी लागतात. त्याऐवजी भाताच्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो आणि त्याच्या जोडीला चांगलं कुजलेलं शेणखत गादीवाफ्याच्या वरच्या थरात मिसळा. राखेतून सिलिका आणि पालाश मिळतं, रोप ताठ होतं, काढताना मुळं तुटत नाहीत. नत्र मात्र राखेत नसतं. ते शेणखतातूनच येणार, म्हणून खत गाळू नका.

चिखलणी: गिरीपुष्प आणि पेंढा यांतला फरक

कुजवणारे जिवाणू कर्ब खातात, पण शरीर बांधायला त्यांना नत्रही लागतं. अन्नात नत्र पुरेसं असेल तर जास्तीचं ते मातीत सोडतात. कमी असेल तर मातीतलंच ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण २५ ते ३० च्या खाली असेल तर नत्र सुटतं, वर असेल तर अडकतं. गिरीपुष्पाच्या कोवळ्या पाल्यात हे प्रमाण पंधराच्या आसपास असतं, भाताच्या पेंढ्यात साठच्या वर. जूनमध्ये पेंढा गाडून लगेच लावणी केलेल्या खाचरात पहिले तीन आठवडे रोप रुसलेलं का असतं, याचं उत्तर हे.

बांधावरच्या गिरीपुष्पाच्या फांद्या तोडून चिखलणीच्या आधी आठ-दहा दिवस खाचरात पसरा. गुंठ्याला तीस किलो हिरवा पाला पुरे. आठवड्याभरात पानं गळून पडतात, मग काठ्या उचलून चुलीला न्या आणि पानं चिखलात तुडवा. हिशेब असा: तीस किलो हिरव्या पाल्यात सुका भाग सहा-सात किलो, त्यात साडेतीन टक्के नत्र धरलं तर दोनशे ग्रॅमहून थोडं जास्त. गुंठ्याला एक किलो नत्र ही हेक्टरी शंभर किलोची नेहमीची शिफारस, त्यातला पाचवा हिस्सा बांधावरून आला. बांधाला गिरीपुष्प नसेल तर याच पावसाळ्यात हातभर लांबीचे जून खुंट रोवा, दुसऱ्या वर्षी तोड सुरू होते.

रानातला टाकळाही लोक हिरवळीचं खत म्हणून गाडतात. गाडायला हरकत नाही, पण शेंगा धरतो म्हणजे तो हवेतलं नत्र बांधतो हा समज चुकीचा आहे. टाकळ्याच्या मुळावर गाठी येत नाहीत. तो मातीतलंच नत्र गोळा करून परत देतो.

लावणी: खत वर नको, खाली

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वात मोठी गळती इथे आहे.

पाणी भरलेल्या खाचरात माती सगळीकडे सारखी नसते. पाण्यातून थोडा प्राणवायू झिरपतो, त्यामुळे मातीचा अगदी वरचा काही मिलिमीटरचा थर तांबूस, हवा असलेला. त्याखाली राखाडी-निळसर, प्राणवायू नसलेला थर. पाण्यात युरिया फेकला की त्याचं अमोनियम वरच्या तांबूस थरात तयार होतं. तिथे तिसरा गट बसलेला, तो नायट्रेट करतो. ते नायट्रेट खालच्या राखाडी थरात झिरपतं, तिथे चौथा गट वाटच बघत असतो. पाऊस न पडताही नत्र हवेत जातं. त्यात उघडीप पडून ऊन आलं तर पाण्यातलं शेवाळ कर्बवायू खाऊन दुपारी पाण्याचा सामू नऊच्या वर नेतं, आणि अमोनिया थेट उडू लागतो. भातात फेकलेल्या युरियातलं तीस ते चाळीस टक्केच पिकाला मिळतं, असं जे सांगितलं जातं त्यामागे हे सगळं आहे.

उपाय सरळ आहे: अमोनियम थेट राखाडी थरात ठेवा. तिथे प्राणवायू नाही, म्हणून तिसरा गट हतबल. नायट्रेटच नाही, म्हणून चौथ्याला खायला काही नाही. युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, खोल खोचायच्या पद्धतीमागचं कारण एवढंच. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीतलं हे चौथं सूत्र. आधीची तीन म्हणजे तुसाची राख नि पेंढ्याचा फेरवापर, गिरीपुष्प आणि नियंत्रित लावणी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतली कोकण अन्नपूर्णा ब्रिकेटही याच तत्त्वावर चालते.

कृती अशी. दोरीला पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा करा आणि त्या खुणांवर लावा. ओळींमधलं अंतरही तसंच पंधरा-पंचवीस. म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या चौकोनात रोपांचे चार चूड (झुबके) येतात आणि मध्ये पंचवीसची वाट राहते. लावणीच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल हाताने खोचा, आणि बोट काढताना चिखलाने भोक बुजवा. भोक उघडं राहिलं तर सगळी मेहनत फुकट, अमोनियम त्याच वाटेने वर येतं. खोचताना पाणी बोटभरच असावं. हातमोजे घाला, दिवसभरात युरियाने बोटं सोलवटतात.

हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे १७० किलोच्या आसपास. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, पावणेदोन किलोला थोडं कमी. त्यातून गुंठ्याला सहाशे ग्रॅमच्या जवळपास नत्र मिळतं, वरून फेकायच्या शिफारशीच्या साठ टक्के. खोल घातल्याने गळती कमी, त्यामुळे गिरीपुष्पाचे दोनशे ग्रॅम धरून हिशेब जुळतो. पुन्हा वरखताची गरज पडत नाही, म्हणजे मुसळधार पावसात उघडीप शोधत बसायला नको.

मजूर जास्त लागतात, हे खरं आहे. दोरीवर लावणी करायला बायका आधी कुरकुरतात. चौकोन साधले नाहीत तर गोळ्या कुठे खोचायच्या तेच कळत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी चार-पाच गुंठ्यांतच करून बघा.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. किनाऱ्यालगतची पुळणीची रेताड जमीन, किंवा कातळाच्या कडेची जिथे पाणी सकाळी भरलं की संध्याकाळी आटतं अशी खाचरं, तिथे गोळी खोल घालू नये. पाणी खाली धावत असेल तर अमोनियमही त्याच्याबरोबर मुळांच्या खाली जातं. अशा ठिकाणी युरिया तीन हप्त्यांत विभागा: थोडा चिखलणीला मातीत मिसळून, मग फुटव्याच्या वेळी, मग लोंबी पोटात धरताना. हप्ता देताना आधी पाणी काढा, संध्याकाळी युरिया टाका, कोळप्याने मातीत कालवा आणि दुसऱ्या दिवशी पाणी अडवा.

युरियाला कडुलिंबाचं तेल चोपडलेलं असतं, २०१५ पासून देशात शेतीचा जवळजवळ सगळा युरिया तसाच येतो. कडुलिंब तिसऱ्या गटाला काही दिवस थोपवतो. आपल्या खाड्यांच्या काठाने करंज भरपूर, आणि करंजाच्या बियांतलं करंजिन हेच काम करतं. करंजपेंड मिळाली तर बारीक करून युरियाच्या पाचव्या हिश्शाएवढी त्यात मिसळा आणि एक रात्र झाकून ठेवा.

लावणीच्या वेळी रोपांच्या जुड्या ॲझोस्पिरिलमच्या पाण्यात अर्धा तास बुडवण्याचीही शिफारस असते. स्वस्त आहे, करायला हरकत नाही. फायदा खाचरागणिक बदलतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर खत निम्मं करू नका. ॲझोटोबॅक्टरवर मात्र पैसे घालू नका. त्याला सामू सहाच्या वर लागतो आणि हवा लागते. आपल्या आम्ल, तुंबलेल्या खाचरात त्याचं काही खरं नाही.

श्रावण-भाद्रपद: पाणी आणि शेवाळ

या काळात एकच सांभाळायचं. खाचर एकदा भरल्यावर मध्येच कोरडं पडून भेगाळू देऊ नका. भेग पडली की हवा शिरते, अमोनियमचं नायट्रेट होतं, आणि पुढच्या सरीने खाचर भरलं की ते वायू होऊन जातं. उघडिपीत वरच्या खाचराचं पाणी खालच्याला देताना घाई करू नका, आणि खेकड्यांची बिळं वेळच्या वेळी बुजवा.

पाण्यावरची निळी-हिरवी शेवाळं भातखाचरात नत्र बांधतात, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं. ॲझोलाच्या पानातही तसलंच शेवाळ राहतं. पण कोकणच्या पावसाळ्यात दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही, आभाळ झाकलेलं आणि बांधावरून पाणी वाहतं तसं शेवाळही वाहतं. यांची जागा वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातात. डिसेंबरनंतर लख्ख ऊन असतं आणि पाणी हातात असतं. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी ॲझोला सोडा, थोडं सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) द्या, खाचर झाकलं की पाणी काढून तो चिखलात दाबा. नुसता तरंगत राहिला तर नत्र त्याच्याच अंगात राहतं.

भातकापणीनंतर: कुळीथ, चवळी, वाल

आता आणणाऱ्यांची पाळी. कडधान्याच्या गाठींत जिवाणू नत्र बांधतात हे हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ मध्ये मांडलं, आणि दोन वर्षांनी बायरिंक यांनी तो जिवाणू वेगळा केला. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या खाचरात रायझोबियमची संख्या घटलेली असते. म्हणून वरकसापेक्षा भातानंतरच्या कुळथाला बीजप्रक्रियेचा उपयोग जास्त.

पाकीट घेताना कोणत्या पिकासाठी आहे ते वाचा. कुळीथ, चवळी, मूग, उडीद, वाल एकाच गटातल्या रायझोबियमवर चालतात. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं पाकीट यांना चालत नाही. मुदत बघा, आणि दुकानात ते उन्हात ठेवलेलं असेल तर घेऊच नका. २५० ग्रॅमचं पाकीट दहा ते पंधरा किलो बियाण्याला पुरतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात पाकीट कालवा, बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळा. साल निघता कामा नये. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सर्वात शेवटी. आम्ल जमिनीत त्या ओल्या बियाण्यावर कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी भुरभुरली तर जिवाणूभोवती पहिले दिवस आम्लता कमी राहते. शिंपल्यांचा भाजलेला चुना बियाण्याला लावू नका, तो जिवाणू जाळतो. तो आठ-पंधरा दिवस आधी ओळीत मातीत मिसळायला ठीक, हेक्टरी दोन ते चार क्विंटल.

आपल्या जांभ्यात गाठी कमी येण्याचं कारण दर वेळी जिवाणू नसणं हे नसतं. लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, आम्लतेत मॉलिब्डेनम अडकतं, आणि नायट्रोजिनेज विकर मॉलिब्डेनमशिवाय तयारच होत नाही. म्हणून ओळीत सुपर फॉस्फेट द्या आणि युरिया टाळा. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी पोसत नाही.

पस्तीस-चाळीस दिवसांनी, फुलं लागताना, तपासा. रोप उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढा, बादलीत बुडवून माती सोडवा. गाठ नखाने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, तो रंग प्राणवायू सांभाळणाऱ्या लेगहिमोग्लोबिनचा. पांढरी असेल तर कामाला लागलेली नाही किंवा फुकट खाणारा जिवाणू आत आहे. हिरवट-तपकिरी म्हणजे वय झालं. आणि गाठ बोटाने सहज सुटत नसेल, मूळच फुगलेलं असेल, तर ती सूत्रकृमीची, तिचा नत्राशी संबंध नाही.

बांधलेलं नत्र खाचरात राहतं का, हा पुढचा प्रश्न. त्यातलं बरंचसं दाण्यांबरोबर घरी येतं. उरलेलं मुळांत आणि पाल्यात असतं, आणि आपण कुळीथ मुळासकट उपटून खळ्यावर आणतो. मग पुढच्या भाताला काय राहिलं? विळ्याने जमिनीलगत कापा, मुळं जागेवर राहू द्या. भूस गुरांना घातलंत तर त्याचं शेण-मूत छपराखालच्या गायरीत येईलच.

खार जमीन असेल तर

खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या, खार जमिनीत वरचं बरंच काही लागू पडत नाही. मिठाने तिसरा गट आणि रायझोबियम दोघंही मंदावतात, आणि सामू जास्त असेल तर वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन लवकर उडतो. आधी खारबंदिस्ती (खारं पाणी अडवणारा बांध) आणि उघाडीची, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या दाराची, झडप दुरुस्त करा, जुलैच्या पावसाने मीठ धुऊन जाऊ द्या, मगच खताचा विचार. हिरवळीला इथे धैंचा, तो खार सोसतो. धैंच्याची सेस्बानिया रोस्ट्राटा ही जात तर खोडावरही गाठी धरते, त्यामुळे पाणी तुंबलं तरी काम थांबत नाही. बी मिळालं तर आधी एका कोपऱ्यात लावून घरचं बी करा, कारण हेक्टरी चाळीस-पन्नास किलो लागतं आणि दर वर्षी विकत घेणं परवडत नाही.